कानबाईच्या गाण्यांना गिटारची साथ: तारा कशा लावाव्यात

खानदेशातल्या कानबाई देवीच्या अहिराणी गाण्यामागे गिटार धरली की पहिली चूक ठरलेली: दर ओळीला कॉर्ड बदलणं. ही गाणी मोजक्या सुरांत फिरतात, त्यांना मागे सा-प घुमत राहिला की पुरे. इंग्लंडच्या डेव्ही ग्रॅहमने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला मोरोक्कोत ऊद या अरबी तंतुवाद्याच्या साथीसाठी सहावीपासून पहिलीपर्यंत डी-ए-डी-जी-ए-डी अशा तारा लावल्या. तेच इथे चालतं.

सहावी, दुसरी आणि पहिली तार प्रत्येकी एक पूर्ण सूर उतरवा. थेट सुरावर थांबू नका. थोडं खाली जाऊन वर चढवा, नाहीतर खुंटीतली ढिलाई दोन मिनिटांत तार उतरवते. ताण घटल्याने बाकीच्या तारा चढतात, म्हणून दोन फेऱ्या लागतातच. आता तारा सा-प-सा-म-प-सा अशा बोलतील. ‘ग’ कुठेच नाही, त्यामुळे गाणं कोमल घेवो की शुद्ध, भांडण होत नाही. तिसरीचा ‘म’ मात्र खटकतो. ती दुसऱ्या पडद्यावर (फ्रेटवर) दाबली की ‘प’ होते. सहावी खरखरली तर 12 ऐवजी 13 चा, म्हणजे जाड तारांचा, सेट चढवा.

पट्टी गाणाऱ्या बायकांची, आपली नाही. त्या पेटीशिवाय सुरू करतात. त्यांचा सा पहिल्या तारेवर शोधा. जो पडदा जुळेल तिथे कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबणारा चिमटा. खुली तार पेटीच्या पट्टीत पांढरी दोन (डी), म्हणजे पांढरी पाचला पाचवा पडदा, काळी चारला सहावा. त्यांचा सूर जरासाच वर असेल तर ट्यूनरचं माप 440 हर्ट्झवरून 446 करून सगळ्या तारा पुन्हा लावा. कॅपो पडद्याला खेटून बसवा. मध्यावर बसला की तारा चढतात.

उजव्या हाताला फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्लिश फोक-रॉक बँडमधून पुढे आलेल्या रिचर्ड थॉम्पसनची पद्धत घ्या: पिक अंगठा-तर्जनीत, मधलं बोट आणि अनामिका मोकळी. पिकने सहावी, मधल्या बोटाने दुसरी, पिकने चौथी, अनामिकेने पहिली. आठ मात्रांत दोनदा. ढोलकी आली की सहावी सोडा, तिच्या घुमारीत ती तार चिखल करते.

खरा वैरी उन्हाळा. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो. बंद गाडीत गिटार ठेवली की सरस मऊ पडतो, ब्रिज (तारा अडकवलेली पट्टी) उचलतो. कोरड्या हवेत लाकूड आकसतं. फळीच्या कडेवरून बोट फिरवा, पडदे टोचले तर ओळखा. भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत पिळलेला स्पंज घालून ती गिटारच्या केसमध्ये ठेवा. आर्द्रता 45 ते 55 टक्के हवी. कूलरसमोर गिटार टांगणं हा उपाय नव्हे: ओल्या झोताने वरची पाटी फुगते, तारा उंच जातात, आणि श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते तेव्हा बोटं सोलून निघतात.