खातं अपग्रेड करायला बँक नुसतं 'होत नाही' म्हणाली तर

साधं सेव्हिंग खातं वरच्या प्रकारात बदलून मागितलं की काउंटरवर 'सिस्टीम घेत नाही ओ' एवढंच ऐकायला मिळतं, का ते कुणी सांगत नाही. राजारामपुरीतल्या एका ब्रँचला मी असे तीन हेलपाटे घातले, दरवेळी पार्किंग शोधण्यातच अर्धा तास जायचा, मग शहाणा झालो.

१. तोंडी विचारूच नका. साध्या कागदावर दोन ओळी लिहा, 'माझा अर्ज का नाकारला ते लेखी कळवावे', आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. शिक्का द्यायला का कू करायला लागले तर तिथंच उभं राहून बँकेच्या अधिकृत तक्रार ईमेलवर तेच पाठवा.

२. तोवर पॅन, आधार आणि पासबुकवरचं नाव शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर बघा. माझ्या पासबुकात वडलांचं नावच नव्हतं, केवायसी नव्यानं दिल्यावर काम झालं बघा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क ह्या आपल्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, जुनं मिटलेलं कर्ज चालू दिसतंय का तेही त्यात कळतं.

३. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी बघणारा अधिकारी) ऑनलाइन तक्रार, फी नाही. माहितीसाठी फोन १४४४८.

फक्त एक, वरचं खातं द्यायचं का नाही हे बँक ठरवते, लोकपाल ते मिळवून देईलच असं नाही. आणि हो, 'अपग्रेड करून देतो' म्हणून फोन आला तर ओटीपी अजिबात सांगू नका.