भुयारी मेट्रोतली आग: जिना उतरण्याआधी काय विचारायचं, वॉकीवर काय बोलायचं

इमारतीतली आग नव्या फायरमनच्या लवकर अंगवळणी पडते. भुयारी स्टेशनात मात्र सगळं उलटं असतं. आपण आगीच्या वरून खाली उतरतो, धूर त्याच जिन्याने वर येतो आणि प्रवासीही त्याच जिन्याने पळत येतात. त्यात दोन जिने उतरले की हातातली वॉकी मुकी होते. म्हणून भुयारात कामाचा निम्मा भाग बोलण्याचा असतो, आणि ते बोलणं रस्त्यावर, पहिल्या पायरीवर पाय ठेवण्याआधीच सुरू व्हायला हवं.

वर असतानाच मेट्रोच्या कंट्रोलकडून चार गोष्टी काढून घ्यायच्या: गाड्या कुठे आहेत, पॉवरची स्थिती काय, पंखे कोणत्या दिशेने फिरताहेत, आणि खाली आपली वॉकी चालते का. त्यांचा एक माणूस आपल्या कमांड पोस्टवर उभा करून घ्यायचा. फोनवर मिळालेलं उत्तर आणि शेजारी उभ्या माणसाने दिलेलं उत्तर यांत फरक असतो. शेजारचा माणूस उलटा प्रश्न ऐकायला जाग्यावर असतो.

नव्या माणसाला पहिला मोह होतो तो ‘आधी पॉवर बंद करा’ म्हणण्याचा. रुळांवर माणूस दिसत असेल तर तेच बरोबर. पण दोन स्टेशनांच्या मध्ये गाडी असताना पॉवर गेली, तर ती तिथेच अडकते. आधी मागच्या गाड्या मागे रोखायच्या, मधली गाडी पुढच्या स्टेशनात काढता येते का ते विचारायचं, मग पॉवर. दक्षिण कोरियातल्या देगू शहरात १८ फेब्रुवारी २००३ रोजी एका गाडीला आग लावली गेली आणि समोरच्या दिशेने आलेली दुसरी गाडी तिच्या शेजारी येऊन थांबली. तिथे वीज गेली, दुसऱ्या गाडीचा चालक मास्टर की काढून निघून गेला आणि दारं बंद राहिली. १९२ माणसं गेली, त्यांतली बहुतेक या दुसऱ्या गाडीतली. येणारी गाडी रोखणं हा एक निरोप त्या वेळी इतर कशाहूनही मोठा होता.

पॉवर बंद झाल्याचा निरोप आला तरी लाइन जिवंत समजूनच वागायचं. थर्ड रेलवर, म्हणजे रुळांशेजारच्या वीज देणाऱ्या तिसऱ्या पट्टीवर, साधारण ७५० व्होल्ट डीसी असतो. वीजपुरवठ्याच्या दोन विभागांमधल्या तुटक जागेवर गाडी उभी असेल, तर तिच्याच शूमधून (थर्ड रेलवरून वीज घेणाऱ्या भागातून) चालू विभागाची वीज बंद विभागात येऊ शकते. शिवाय एक ट्रॅक बंद केला म्हणजे शेजारचा बंद झाला असं नाही. ओव्हरहेड वायरची मेट्रो असेल तर तिथे २५,००० व्होल्ट असू शकतात. मेट्रोच्या माणसाने अर्थिंग केल्याचं सांगेपर्यंत पाण्याचा फवारा तिकडे वळवायचा नाही.

आता वारा. बोगद्याचे पंखे धूर एका बाजूला ढकलतात. प्रवाशांनी चालायचं ते ताज्या हवेच्या दिशेने, म्हणजे वारा तोंडावर घेत. आपण त्यांच्याकडे जायचं ते वारा पाठीवर घेत. दोघांची गाठ स्वच्छ हवेत पडली, तर दिशा बरोबर आहे. पंखे चुकीच्या रीतीने चालवले की काय होतं ते वॉशिंग्टनच्या मेट्रोत १२ जानेवारी २०१५ रोजी दिसलं: बोगद्यात थांबलेल्या गाडीकडेच धूर ओढला गेला आणि एक प्रवासी दगावली. त्या दिवशी अग्निशमन दलाच्या वॉकीही खाली नीट चालल्या नाहीत. म्हणून पंख्यांची दिशा बदला असं कमांडला न विचारता खालून कोणीही परस्पर सांगायचं नाही. पंखा उलटा फिरायला वेळ लागतो, आणि तोवर वारा तोंडावर घेऊन निघालेल्या लोकांच्या मागे असलेला धूर त्यांच्यासमोर येऊन उभा राहतो.

उलट्या बाजूने, धुरातून जाऊ म्हणणाऱ्याने हवेचा हिशोब कागदावर मांडून बघावा. पाठीवरचा ६.८ लिटरचा सिलिंडर ३०० बार दाबाला भरला की सुमारे २,००० लिटर हवा. दमछाक होत असताना मिनिटाला ५० लिटर धरले, तर कागदावर ४० मिनिटं. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, उरलेली राखीव. म्हणजे जायला १३ मिनिटं. भिंतीला हात लावून, सामान घेऊन, सेकंदाला अर्धा मीटर चाललात तर ४०० मीटरही पुरे होत नाहीत. स्टेशनांत एक किलोमीटर अंतर असेल, तर मधोमध अडकलेली गाडी ५०० मीटरवर असते. म्हणजे आपण तिथवर पोचतही नाही, आणि पोचलोच तरी बी.ए. सेट (मास्क आणि हवेचा सिलिंडर) नसलेल्या प्रवाशाला त्याच धुरातून आणता येत नाही. हवा कमी झाल्याची सेटवरची शिट्टी साधारण ५५ बारला वाजते. भुयारात ती वाजेपर्यंत थांबलेला माणूस उशिरा निघालेला असतो.

प्लॅटफॉर्मची गोष्ट वेगळी. अनेक ठिकाणी वापरलं जाणारं अमेरिकी मानक प्लॅटफॉर्म ४ मिनिटांत रिकामा व्हावा आणि सगळे ६ मिनिटांत सुरक्षित जागी पोचावेत असं धरून स्टेशन आखायला सांगतं. बंब येईपर्यंत हा वेळ बहुधा संपलेला असतो. म्हणजे खाली उरतात ते चालू न शकणारे, लिफ्टमध्ये अडकलेले, टॉयलेट आणि स्टाफच्या खोल्यांतले. शोध तिथून सुरू करायचा.

वॉकीकडे येऊ. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनात १८ नोव्हेंबर १९८७ रोजी आग दिसली, तेव्हा खालच्या पोलिसाला निरोप द्यायला वर रस्त्यावर यावं लागलं, कारण त्याचा रेडिओ खाली चालत नव्हता. आज बहुतेक बोगद्यांत भिंतीला लीकी फीडर केबल असते. तिच्यातून लहरी वाटेवर झिरपत राहतात. पण ती केबल आगीत तुटली आणि दुसऱ्या टोकाने तिला फीड नसेल, तर पुढचा पट्टा मुका. म्हणून तपासणी चार ठिकाणी: रस्त्यावर, कॉन्कोर्सवर (तिकिटांच्या मजल्यावर), प्लॅटफॉर्मवर आणि बोगद्याच्या तोंडाशी. जिथे उत्तर आलं नाही तिथे ओरडत बसू नका, शेवटचं उत्तर आलेल्या जागी परत या आणि तिथे एक माणूस ठेवा. वळणावर आणि जिन्याच्या तळाशी असे रिले लागतातच. रिलेवाल्याचं काम एकच: ऐकलं ते शब्दशः लिहायचं आणि शब्दशः पुढे द्यायचं, स्वतःचा अर्थ न लावता. जवळच्या जवळ बोलायला डायरेक्ट (वॉकी ते वॉकी) चॅनेल घ्या, रिपीटर (मधे आवाज पुढे पोचवणारं यंत्र) गेला तरी तो चालतो. ग्लोव्ह्ज घालून अंधारात चॅनेल शोधायचा तर नॉब डावीकडे टोकापर्यंत फिरवून ‘टक्’ मोजत यायचं. हा सराव आपल्या फायर स्टेशनात डोळे मिटून करता येतो.

बोलताना बटण दाबा, एक सेकंद थांबा, मग बोला. संपल्यावरही क्षणभर दाबून ठेवा. मराठीत याची गरज जास्त, कारण आपला नकार वाक्याच्या टोकाला असतो. ‘लाइन बंद नाही’ म्हणताना बटण लवकर सुटलं, तर पलीकडे पोचतं ‘लाइन बंद’. ‘नका येऊ’मधला पहिला शब्द कापला गेला की उरतं ‘येऊ’. म्हणून ‘बंद नाही’ऐवजी ‘लाइन चालू’, ‘नका येऊ’ऐवजी ‘जागीच थांबा’. मास्क लावला असेल तर माइक तोंडासमोर न धरता मास्कच्या बोलण्याच्या पडद्याजवळ दोन-तीन बोटांवर धरा, नाहीतर श्वासाचा आवाजच जातो.

निरोपात जागा आधी: ट्रॅक अप की डाउन, कोणत्या स्टेशनच्या बाजूला, भिंतीवरच्या पाटीवरचा आकडा. डावी-उजवी म्हणू नका, समोरून येणाऱ्या टीमची डावी वेगळी असते. ऐकणाऱ्याने निरोप परत म्हणून दाखवायचा. नुसतं ‘रॉजर’ आलं तर काय ऐकलं ते विचारा. स्वतःच अडचणीत आलात तर ‘मेडे’ हा मदतीचा शब्द तीनदा, मग कुठे, कोणती टीम, नाव, हवा किती बार, काय हवं. हवा संपत आल्यावर नाही, वाट चुकल्याचं लक्षात येताच.

‘प्रवासी बाहेर काढा’ आणि ‘टीम बाहेर या’ हे दोन हुकूम कानाला सारखे वाटू नयेत, म्हणून माघारीसाठी ठरलेला एकच शब्द असतो. रस्त्यावरच्या बंबाचा हॉर्न खाली ऐकू येत नाही. तो शब्द रिलेमार्फत आणि स्टेशनच्या स्पीकरवरूनही द्यावा लागतो. माघारीनंतर प्रत्येक टीमप्रमुखाने डोकी मोजायची. इथे नेहमीची चूक अशी: टीम एका स्टेशनातून उतरते आणि आपत्कालीन शाफ्टने (बोगद्यातून वर येणाऱ्या वाटेने) दुसरीकडे वर येते. तिच्या टॅली (आत जाताना द्यायच्या नावाच्या पट्ट्या) पहिल्या स्टेशनच्या बोर्डवरच लटकत असतात, आपलं कंट्रोल तिला आत धरतं आणि तिला शोधायला दुसरी टीम धुरात पाठवतं. वर आलात की आधी वॉकीवर सांगा: किती गेलो, किती आलो, कोणत्या तोंडातून आलो. मग मास्क काढा.