गल्लीत बाकडं बसवायचंय? आधी सावली बघा

मंडळाची वर्गणी शिल्लक राहिली नाहीतर कुणी देणगी दिली की पहिली चर्चा ग्रॅनाइट की स्टील हीच होते. माझं म्हणणं, ते शेवटी ठरवा, आधी जागा ठरवा. एप्रिल-मेमध्ये दुपारी चार-साडेचारला तिथं जाऊन उभं रहा आणि सावली जिथं पडलीय तिथं खडूनं खूण करा. बारा वाजता बघून उपयोग नाही, मेच्या सुरुवातीला बेळगावात सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर असतो, झाडाची सावली झाडाखालीच राहते, आणि माणसं बसायला येतात ती चारनंतर, तेव्हा ऊन पश्चिमेकडनं तिरकं येतं. म्हणून बाकडं झाडाच्या पूर्वेला पाहिजे.

सावलीतली हवा उन्हातल्यापेक्षा फार गार असते असं नाही हां, पण अंगावर पडणारं ऊन आणि तापलेल्या भिंती-रस्त्यातनं येणारी धग, यानंच जास्त कासावीस होतं. त्यामुळं दुपारभर ऊन खाल्लेल्या कंपाउंडला टेकून बाकडं नकोच, वारंपण अडतं.

आता मटेरियल. स्टील पटकन तापतं आणि पटकन निवतं. ग्रॅनाइट, काँक्रीट सावकाश तापतं पण उष्णता धरून ठेवतं, दिवसभर उन्हात असलं तर दिवे लागल्यावरही खालून गरम लागतं. लाकडातनं उष्णता अंगात हळू येते म्हणून ते सगळ्यात सुखाचं, फक्त आपल्याकडचा पाऊस बघता पाय लोखंडी किंवा दगडी करा, फळ्यांमध्ये बोटभर फट सोडा म्हणजे पाणी थांबणार नाही, आणि दरवर्षी मिरगाच्या आधी तेलाचा हात मारा. ग्रॅनाइटचं बाकडं आधीच असेल तर काढू नका, वरनं लाकडी पट्ट्या बसवा.

झाड नसेल तर छप्पर, पण नुसता पत्रा नको, तो तापला की डोक्यावर तवा धरल्यासारखं होतं. मंगलोरी कौलं घाला, नाहीतर पत्रा उंच घेऊन वरनं पांढरा रंग द्या. बाजू मोकळ्या ठेवा, पश्चिमेचा पाखा तेवढा लांब काढा, पावसाळ्यात झड तिकडनंच येते.

नवीन झाड लावणार असाल तर करंज किंवा कडुलिंब. गुलमोहर दिसतो छान पण ऐन उन्हाळ्यात बऱ्याचदा पानंच नसतात. आणि बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक कृपा करून घालू नका, माती मोकळी राहिली तर पाणी मुरतं, झाड जगतं, पायाखालची धगही कमी होते.

उंची साधारण 45 सेंटीमीटर, पाठ आणि हात टेकायला आधार हवाच, म्हाताऱ्या माणसांना त्याशिवाय उठता येत नाही.