किलोभर हॉप्स मागवण्याआधी

दिवाळीनंतर हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी वाळवलेली फुलं, घाऊक मागवायचे ठरवलं असेल, तर पैसे पाठवायच्या आधी घरचा फ्रीझर उघडून बघा. तासगावचा बेदाणा ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको: कोल्ड स्टोरेजची जागा आधी धरायची, माल मागून. एकदारी फ्रीजचा बर्फाचा कप्पा बहुतेकदा पुरेसा थंड राहत नाही. उणे १८ अंश धरणारा फ्रीझरच हवा.

आम्ही तिघं मित्र हॉप्सचा सोडा करतो, बिनदारूचा. बिअर करायची तर महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणे परवाना लागतो, तो विषय आधी मिटवा. साठवण मात्र दोन्हीसाठी सारखीच. पाच लिटरला आम्हाला १५ ग्रॅम लागतात. तिघांच्या घरी मिळून महिन्याला चार खेपा, म्हणजे वर्षाला ७२० ग्रॅम. किलोत भागतं. दोन किलोंवर दर उतरतो म्हणून हात सैल सोडू नका, कारण दुसरा किलो जुनाच होणार.

मागवायची वेळ फार महत्त्वाची. युरोप-अमेरिकेत आणि आपल्या हिमाचलातल्या लाहौलच्या खोऱ्यातही हॉप्सची तोडणी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला होते. त्यामुळे विक्रेत्याला पहिला प्रश्न ‘हंगाम कुठल्या वर्षाचा?’ आणि दुसरा ‘तुमच्याकडे माल गारव्यात होता का?’ पाकिटावर अल्फा आम्लाचं प्रमाण छापलेलं असावं. कडूपणाचा हिशेब त्यावरच बसतो. कॅस्केड वाण २० अंशांवर सहा महिने राहिलं तर त्यातलं अल्फा साधारण निम्म्यावर येतं. मॅग्नम बरंच टिकाऊ. आणि सांगलीत मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. गेल्या वर्षी मेमध्ये आलेलं माझं एक पाकीट फुगून आलं होतं. कापलं तर हॉप्स दाबून केलेल्या गोळ्या तपकिरी, आणि वास जुन्या चीजचा, घामेजल्या मोज्यांचा. सगळं टाकून द्यावं लागलं, फार जिवाला लागलं. तेव्हापासून नोव्हेंबर ते जानेवारी एवढ्याच काळात मागवतो.

माल आला की त्याच दिवशी वाटणी. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा, हवा काढून पिशवी बंद करणारा व्हॅक्यूम सीलर आणि त्याच्या जाड पिशव्या आदल्या दिवशीच टेबलावर असू द्या. किराणाची पातळ प्लॅस्टिकची पिशवी चालत नाही, तिच्यातून हवा आत शिरते. पिशवी भरायच्या आधीच तिच्यावर वाण, हंगामाचं वर्ष, अल्फा आणि वजन लिहा. भरलेल्या पिशवीवर मार्कर नीट उठत नाही. एका पिशवीत एका खेपेपुरतंच. हा नियम मी कधीच मोडत नाही, कारण मोठी पिशवी दर वेळी उघडली की दर वेळी हवा खाते. गोळ्या दिसायला गोळी पेंडेसारख्या असतात. दोन बोटांत एक चुरडून हुंगा: हिरवा, लिंबाच्या सालीसारखा किंवा गवताचा वास आला तर माल ताजा. आणि हळदीला दाखवतो तसं याला ऊन दाखवायचं नाही. खिडकीत वाटणी करत बसू नका.

फ्रीझरमधून काढलेली पिशवी लगेच कापू नका. तासभर बाहेर राहू द्या, नाहीतर थंड गोळ्यांवर दव धरतं आणि त्या ओलावतात. पावसाळ्यात तर हे हमखास होतं.

लाइट गेली तर फ्रीझरचं दार बंदच ठेवा. गच्च भरलेला फ्रीझर दोनेक दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एखादाच दिवस. म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा. २०१९ च्या पुरात नदीकाठचे कित्येक भाग काही दिवस अंधारात होते. फ्रीझर तळमजल्यावर असेल तर जुलैच्या आधी साठा कुणाच्या वरच्या मजल्यावर हलवायचा, ते बोलून ठेवा.

आणि घरात कुत्रं असेल तर हे आधी वाचा: गाळून उरलेला चोथा त्याच्या तोंडी लागू देऊ नका. हॉप्सने कुत्र्याच्या अंगातली उष्णता भडकते आणि जीवही जाऊ शकतो. आम्ही चोथा घट्ट झाकणाच्या डब्यात भरून थेट घंटागाडीत देतो.