मॉरिशसच्या दक्षिणेचा गोट्यांचा किनारा पाहायला जाताना

सोलापूरहून मॉरिशसला जाणाऱ्यांची सहल बहुधा पांढऱ्या वाळूच्या पुळणींवरच संपते, कारण ठरलेले कार्यक्रम तसेच आखलेले असतात. ज्यांना एक दिवस आपल्या हाती ठेवता येईल, त्यांनी तो दक्षिणेला सुयाकपासून सुरिनाम आणि रिव्हिएर दे गालेपर्यंतच्या पट्ट्यात घालवावा, असे मी आग्रहाने सांगेन. काळे गोटे, मोकळा समुद्र आणि अगदी थोडी माणसे असा हा किनारा आहे. मात्र तो पाहण्याचा आणि ऐकण्याचा किनारा आहे, पाण्यात उतरण्याचा नाही. पुढील सर्व सूचना याच एका गोष्टीतून निघतात.

तेथील दगड आपल्याला परका नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ज्या तप्त स्थानातून, म्हणजे पृथ्वीच्या पोटातला वितळलेला खडक वर येत राहणाऱ्या जागेतून, दख्खनचा लाव्हा वर आला, त्याच स्थानावर पुढे मॉरिशस आणि रेयुनियन ही बेटे उभी राहिली, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. सोलापूर जिल्ह्यात विहीर खणताना जो काळा खडक लागतो, त्याचाच हा वयाने फार लहान भाऊबंद आहे. गोटा हातात घेऊन त्यावरील छिद्रे पाहावीत. ती लाव्हारसातील वायूच्या बुडबुड्यांची आहेत. आपल्याकडे अशी छिद्रे पुष्कळदा पांढऱ्या खनिजांनी भरलेली असतात, तर तेथील तरुण दगडांत ती बरीचशी रिकामी दिसतात.

जाण्यासाठी मे ते ऑक्टोबर हा काळ निवडावा. आपला उन्हाळा संपत असताना तेथे थंडी सुरू होते, आणि नोव्हेंबर ते एप्रिल हे चक्रीवादळांचे महिने टळतात. मुंबईहून थेट विमान साधारण सहा तासांत पोहोचते. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने जाणार असाल तर गाडीच्या उशिराचा भरवसा नसल्याने आदल्या दिवशीच मुंबई गाठावी. विमानतळ बेटाच्या आग्नेयेला असल्यामुळे दक्षिण किनारा तेथून जवळ पडतो, आणि वाहने आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी सोबत न्यायची असल्यास प्रवेशाच्या अर्जात खाद्यपदार्थांची नोंद प्रामाणिकपणे करावी.

आता मुख्य विषय. मॉरिशसच्या बहुतेक भागाभोवती प्रवाळाची भिंत आहे. मोठ्या लाटा तिच्यावर फुटतात आणि आतले पाणी शांत राहते. सुयाकजवळच्या ग्री-ग्री येथे या भिंतीत खंड आहे, त्यामुळे दक्षिण महासागरातून निघालेली लाट वाटेत काहीही न अडता थेट कड्यावर येऊन आदळते. ही लाट हजारो किलोमीटर दूरच्या वादळात जन्मलेली असू शकते, म्हणून वरचे आकाश निरभ्र आहे यावरून समुद्राची अवस्था ठरवू नये. मे २००७ मध्ये रिव्हिएर दे गालेच्या वस्तीत पाणी शिरले, तेही चक्रीवादळांचा हंगाम सरल्यावर. निघण्यापूर्वी तेथील हवामान खात्याचा उधाणाचा इशारा पाहावा, आणि तो असेल तर दिवस बदलावा.

पोहोचल्यावर लगेच खाली उतरू नये. उंच जागी थांबून किमान वीस मिनिटे लाटा पाहाव्यात, कारण मोठ्या लाटा गटाने येतात आणि दोन गटांच्या मधली शांतता फसवी असते. ओले आणि कोरडे गोटे जेथे वेगळे होतात ती रेघ शोधावी आणि तिच्याही बरेच वर बसावे. गोट्यांच्या फटींतून पाणी झटकन मुरते, त्यामुळे परतणाऱ्या पाण्यात गोटे खाली ओढून नेण्याएवढा जोर उरत नाही आणि किनारा वाळूच्या पुळणीपेक्षा बराच उभा राहतो. पण मोठ्या लाटेचे पाणी परतताना पायाखालचा उतारच सरकवते, आणि गुडघाभर पाण्यातला माणूससुद्धा आडवा होतो. भीमेत किंवा उजनीच्या जलाशयात पोहण्याचा सराव येथे उपयोगी पडत नाही. मुलांचा हात सोडू नये आणि समुद्राकडे पाठ करून छायाचित्र काढू नये.

चप्पल घालून गेल्यास घोटा मुरगळण्याची भीती असते. पकड चांगली असलेले, घोट्यापर्यंतचे बूट घालावेत आणि प्रत्येक गोट्यावर वजन टाकण्याआधी तो डुगडुगतो का ते पाहावे. ज्येष्ठांना ग्री-ग्रीच्या कड्यावरील हिरवळीवरूनच समुद्र उत्तम दिसतो, त्यांना खाली उतरवण्याचा हट्ट करू नये. सोलापूरच्या उन्हाची सवय असणाऱ्यांना तेथील वारा गार वाटतो, पण त्वचा तरीही भाजते, म्हणून टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि भरपूर पाणी जवळ ठेवावे.

गोटे पिशवीत भरून आणू नयेत आणि त्यांचे मनोरेही रचू नयेत. लाटेचा जोर जिरवणारी किनाऱ्याची ढाल म्हणजे हेच गोटे, आणि त्यांच्या ओलसर फटींत खेकडे व इतर लहान जीव राहतात. आपला कचरा आपणच परत न्यावा.

जूनमध्ये सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. अंधारात गोट्यांवरून चढणे धोक्याचे असल्यामुळे त्याआधी तासभर वर यावे. बसने परतायचे असल्यास शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच सुयाकच्या बसस्थानकावर विचारून घ्यावी. रुग्णवाहिकेसाठी ११४ आणि पोलिसांसाठी ९९९ हे क्रमांक फोनमध्ये आधीच साठवून ठेवावेत.