सरमिसळ फर्निचर जोडण्याची स्पर्धा कशी भरवाल?

गणेशोत्सवात जळगाव-भुसावळकडे कॉलनीच्या मंडळाला सहज जमेल अशी ही स्पर्धा. तिघांचा संघ, वेळ ६० मिनिटं. प्रत्येक संघाला एक बुकशेल्फ आणि एक शू-रॅक, दोन्ही १८ मिमी पार्टिकल बोर्डाचे (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळ्या), सुट्या भागांत, एकाच ढिगात.

दोन्ही वस्तू आधी स्वतः पूर्ण जोडून पाहा, मगच सुट्या करा. खोक्यातच एखादा तुकडा कमी निघाला, तर भांडण भर मांडवात होतं. भाग मोजून लिहून ठेवा. बुकशेल्फच्या तीन पक्क्या फळ्यांना प्रत्येकी ४, म्हणजे १२ मिनिफिक्स (बोल्ट आणि त्याला धरून आवळणारी गोल डबी) नि १२ डॉवेल (लाकडी खुंट्या). दोन सुट्या फळ्यांना ८ पिना. शू-रॅकला ७×५० चे (७ मिमी जाड, ५० मिमी लांब) १२ स्क्रू, बिजागरीला १६ मिमीचे, पायांच्या गट्टूंना २५ मिमीचे.

आता फळ्यांवरचे नंबर काढा, पुड्या फोडा आणि सगळं एका परातीत ओता. मुद्दाम काही लपवू नका. गोंधळ आपोआप होतो. २५ चा स्क्रू बिजागरीत गेला की फळीच्या पलीकडे टोक बाहेर! डॉवेल मात्र शेवटपर्यंत बंद पिशवीत ठेवा. भाद्रपदाच्या दमट हवेत ते फुगतात, ठोकले की बोर्ड फाटतो.

हत्यारं: फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, ४ मिमी एलन की (षटकोनी चावी), रबरी हातोडी, टेप. ड्रिल मशीन नकोच, भुशाच्या बोर्डातले आटे एका झटक्यात जातात. हाताने कसलं तरी ७×५० ची भोकं दोन-तीन फेऱ्यांत ढिली होतात, म्हणून अंतिम फेरीला नवा शू-रॅक काढा.

सगळ्यात जास्त संघ अडतात ते मिनिफिक्सवर. बोल्ट कॉलरपर्यंत पूर्ण बसलेला हवा. डबीवरचा बाण फळीच्या काठाकडे ठेवून बोल्ट आत सारायचा आणि साधारण अर्धा फेरा उजवीकडे. डबी नुसतीच फिरत राहिली, तर बोल्ट अर्धवट बसलाय. जोर केला तर ती तुटते. मग ऐकू येतं, ‘वरनी फळी खाले, खालनी वर!’

तपासणी शहाबादी फरशीवर नको, सपाट प्लायवर करा. मागून दोन्ही कर्ण मोजा, फरक ३ मिमीपर्यंत चालेल. त्याहून जास्त असेल तर मागची पातळ फळी काटकोन न बघताच ठोकलीय. मधल्या फळीवर १० किलो दादर ज्वारीची पिशवी पाच मिनिटं. उलटी फळी पाच मिनिटं दंड, परातीत उरलेला प्रत्येक नग दोन मिनिटं. वाकलेले खिळे मात्र मोजू नका, त्यात हाताचा दोष कमी, खिळ्यांचाच जास्त.