लॅबचे संगणक विंडोज ११ वर नेताना: नव्याने रुजू झालेल्यांसाठी

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून सोलापुरातल्या कॉलेजांत, विद्यापीठाच्या विभागांत लॅब असिस्टंट किंवा सिस्टीम ॲडमिन म्हणून नव्याने लागलेली मुलं-मुली एकच प्रश्न घेऊन येतात: "सर, सगळ्या मशीन ११ वर न्यायला सांगितल्यात. सुरुवात कुठून करू?" जानेवारी २०२० मध्ये विंडोज ७ बंद झालं तेव्हाही मी इथल्या लॅबमध्ये हेच काम करत होतो. त्या अनुभवावरून सांगतो: पेन ड्राइव्ह खिशातच राहू द्या. आधी डेडस्टॉक रजिस्टर (संस्थेच्या वस्तूंची नोंदवही) काढा आणि ते हातात घेऊन प्रत्येक टेबलापाशी जा.

रजिस्टरमध्ये खरेदीचं वर्ष असतं, पण तेवढ्यावर विसंबू नका. मशीन चालू करून प्रोसेसर बघा. इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग) आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीची सिस्टीमच सुरू होऊ देणारी सोय) हवं. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे ॲप चालवलं की मशीन पात्र आहे की नाही ते कळतं, पण "टीपीएम नाही" असं आलं म्हणून लगेच त्या मशीनवर काट मारू नका. बऱ्याच मशीनमध्ये ते असतं, फक्त बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डवर पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम या नावाने शोधा. कागदोपत्री ४ जीबी रॅम पुरते, प्रत्यक्षात ८ जीबी आणि एसएसडीशिवाय वर्गाला काम करता येत नाही. दरपत्रकं मागवतानाच हे दोन्ही धरा. नंतर खरेदी समितीपुढे पुन्हा जायचं म्हणजे एक सेमिस्टर गेलंच.

जुन्या मशीनवर ३२-बिट विंडोज असेल तर सरळ अपग्रेड होत नाही, कारण विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये येतं. डेटा काढून नव्याने इन्स्टॉल करावं लागतं. त्यातून एक अडचण अशी उभी राहते की तिचा सगळ्यात जास्त त्रास मुलांना होतो. बीसीए, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाची सी-ची प्रॅक्टिकल्स कितीतरी ठिकाणी अजून टर्बो सी या जुन्या कंपायलरवर चालतात. तो १६-बिट प्रोग्राम ६४-बिट विंडोजवर उघडतच नाही. डॉसबॉक्स (जुन्या डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम) टाकून चालवता येतो, पण मला विचाराल तर हीच संधी साधून विभागाला कोडब्लॉक्स या सी लिहायच्या सॉफ्टवेअरवर आणा. मात्र ते मॅडम-सरांशी बोलून, सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी. जर्नलमधल्या प्रत्येक प्रोग्रामच्या वरच्या ओळीत कोनिओ डॉट एच आणि आत सीएलआरएससीआर (पडदा पुसायची आज्ञा) लिहिलेलं असतं, आणि कोडब्लॉक्समध्ये वापरतात त्या जीसीसी कंपायलरवर ते जसंच्या तसं चालत नाही. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पोरांना हे कळलं तर त्यांच्यावर अन्याय होतो. प्रॅक्टिकलच्या सगळ्या फाइली आधी स्वतः चालवून बघा आणि काय काय बदलतंय ते लिहून शिक्षकांच्या हातात द्या.

ऑफिसचं काम वेगळं. तिथे एक भाऊसाहेब हमखास सांगतात, "बाकीचं काय करायचं ते करा, पण तेवढं माझ्या मशीनला हात लावू नका बघा." हा हट्ट समजून सोडून देऊ नका, शेजारी खुर्ची ओढून बसा. त्यांच्याकडे वर्षानुवर्षांची परिपत्रकं आयएसएम किंवा श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉण्टमध्ये असतात. फॉण्ट गेला की उघडलेल्या फाइलमध्ये नुसती चिन्हं दिसतात. फॉण्टच्या फाइली, सॉफ्टवेअरची की, डोंगल (ते चालायला लावावी लागणारी चावी), डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा ड्रायव्हर, डिजिटल सहीचं टोकन हे सगळं आधी एका नव्या मशीनवर लावा. जुनी मशीन बाजूलाच चालू ठेवा. भाऊसाहेबांनी स्वतः एक बोनाफाईड आणि एक वेतनपत्रक छापून बघितलं की मगच जुनी काढा. नव्या फाइलींसाठी युनिकोडची सवय लावा, विंडोजमध्ये मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आहेच.

मोठ्या लॅबसाठी उन्हाळी परीक्षा संपल्यानंतरचे दिवस बरे. सोलापूरचा मे म्हणजे पारा चाळिशीच्या वर, म्हणून सकाळी लवकर लागा आणि सीपीयू उघडून धूळ काढल्याशिवाय तासन्‌तास इन्स्टॉलेशन लावू नका. बायोस अपडेट फक्त यूपीएसवर करा. मध्येच लाईट गेली तर मदरबोर्ड हातचा जाऊ शकतो. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर अपडेटआधी ते थांबवा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून कपाटात ठेवा. एक मशीन नीट तयार करून सिसप्रेप करा (म्हणजे तिची स्वतःची ओळख पुसली जाते), मग क्लोनझिला या डिस्कची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामने बाकीच्यांवर उतरवा.

अपात्र मशीनवर रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदीत) फेरफार करून ११ चढवणारे भेटतील. परीक्षा आणि हिशेबाच्या मशीनवर ते करू नका. अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. त्यापेक्षा त्यांवर विंडोज १० च ठेवून त्याचा शैक्षणिक संस्थांसाठीचा वाढीव सुरक्षा सपोर्ट घ्या. दर मशीनमागे पहिल्या वर्षी १, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलर, हे दर प्राचार्यांना टिपणीत लिहून दाखवा. कित्येकांना ते माहीतच नसतात. पायथन, जावा, डेटाबेसच्या लॅबला उबंटू किंवा लिनक्स मिंट उत्तम चालतं, आणि शिकवायला आयआयटी मुंबईची स्पोकन ट्युटोरियल्स फुकट आहेत.

ज्या मशीन निर्लेखनात (रजिस्टरमधून कमी करून भंगारात) जातील त्यांच्या हार्ड डिस्क आधी काढून घ्या. त्यांत विद्यार्थ्यांचे गुण, आधार क्रमांक, बँक खाती असतात, आणि फॉरमॅट मारल्यावरही ती परत काढता येतात. डिस्क पूर्ण पुसा किंवा भोकं पाडून निकामी करा, तशी नोंद रजिस्टरमध्ये सहीनिशी घाला आणि मगच भंगारवाल्याला गाडी आणायला सांगा.